पहिल्या सात दिवसांचा हिशेब जोडप्याच्या हातात द्या

इंदूरमध्ये पलासियापासून विजयनगरपर्यंत टेस्ट ट्यूब बेबीच्या पाट्या आता जागोजागी दिसतात. उपचार करून घेतलेल्या जोडप्याच्या फायलीत बिलं असतात, सोनोग्राफीचे कागद असतात, इंजेक्शनांचा तक्ता असतो. एक कागद मात्र बहुतेक वेळा नसतो. अंडी बाहेर काढल्यापासून गर्भ परत आत सोडेपर्यंत लॅबमध्ये रोज काय घडलं, त्याचा हिशेब. किती अंडी निघाली, किती पक्व होती, किती फळली म्हणजे शुक्राणूशी मिळून त्यांचा गर्भ झाला, तिसऱ्या दिवशी किती गर्भ वाढत होते, पाचव्या दिवशी किती उरले. लॅबच्या रजिस्टरमध्ये हे सगळं तारीख-वेळेसकट लिहिलेलं असतं. काही केंद्रं ते जोडप्याला देतात. पुष्कळ ठिकाणी मात्र “अंडी चांगली होती, गर्भही चांगला होता, पण राहिला नाही” एवढ्यावर बोळवण होते. माझं म्हणणं असं की हा हिशेब न मागता, लेखी आणि जोडप्याला कळेल अशा भाषेत मिळाला पाहिजे.

हा आग्रह का? कारण त्या कागदाची रिकामी जागा घरोघरी दुसऱ्याच गोष्टींनी भरली जाते. गर्भ राहिला नाही की कारणांचा शोध सुनेच्या वागण्यात सुरू होतो. जिना चढली, स्कूटरवर बसली, पपई खाल्ली, दोन दिवसांत ऑफिसला गेली. रामबाग असो की सुदामानगर, मराठी घरांतून हेच ऐकू येतं, आणि बोलणारी माणसं मनाने वाईट असतात असंही नाही. खरं कारण त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. ते जवळजवळ नेहमी अंडं फळल्यापासूनच्या पहिल्या सात दिवसांत आणि त्याआधीच्या काही महिन्यांत दडलेलं असतं.

सुरुवात अंड्यापासून करू. मुलगी आईच्या पोटात असतानाच तिची सगळी अंडी तयार होतात. गर्भाच्या विसाव्या आठवड्याच्या सुमारास ती 60 ते 70 लाख असतात, जन्माच्या वेळी 10 ते 20 लाख उरतात, पाळी सुरू होईपर्यंत 3 ते 4 लाख. त्यातली जेमतेम 400 आयुष्यभरात फुटतात, म्हणजे अंडाशयातून बाहेर पडतात. प्रत्येक अंड्याला आपली 46 गुणसूत्रं निम्मी करायची असतात आणि ते काम जन्माआधीच सुरू होऊन मध्येच थांबलेलं असतं. ते पुन्हा सुरू होतं अंडं फुटायच्या वेळी, म्हणजे कित्येक वर्षांनी. 38 वर्षांच्या बाईचं अंडं त्या अवस्थेत 38 वर्षं थांबलेलं असतं. गुणसूत्रांच्या जोड्यांना एकत्र धरून ठेवणारी प्रथिनं या काळात झिजतात आणि वाटणी चुकते: एखादं गुणसूत्र जास्त जातं, एखादं कमी. वय वाढलं की गर्भ का टिकत नाही याचं सगळ्यात मोठं कारण हे आहे. तिशीच्या सुरुवातीला पाचव्या दिवसापर्यंत पोहोचलेल्या गर्भांपैकी साधारण तिसऱ्या हिश्श्यात गुणसूत्रांची चूक सापडते, चाळिशीत निम्म्याहून जास्त गर्भांत. बदाम, तूप, शतावरी यांनी ही वाटणी दुरुस्त होत नाही. हे स्पष्ट सांगायला हवं, कारण “अंड्यांची क्वालिटी वाढवण्याच्या” नावाखाली बरीच पुडकी विकली जातात.

आता ट्रिगरचं इंजेक्शन. थांबलेल्या अंड्याला पुढे जायचा हुकूम शरीरात एलएच नावाचं संप्रेरक देतं. उपचारात तेच काम बहुधा एचसीजीचं इंजेक्शन करतं. त्यानंतर अंडं अर्धी गुणसूत्रं एका छोट्या पेशीत बाहेर टाकतं, पुन्हा थांबतं आणि शुक्राणूची वाट बघतं. याला वेळ लागतो, म्हणून अंडी 34 ते 36 तासांनी काढतात. सोमवारी रात्री 10 ला इंजेक्शन घेतलं तर बुधवारी सकाळी 8 ते 10 च्या दरम्यान. घरात पाहुणे आले, नर्सला यायला उशीर झाला आणि तेच इंजेक्शन रात्री 1 ला घेतलं, तर सकाळी 9 वाजता फक्त 32 तास झालेले असतात आणि अपक्व अंड्यांची संख्या वाढते. उलट उशीर फार झाला तर अंडी आपोआप फुटून हातची जातात. इंजेक्शनची वेळ चुकली तर लपवू नये. लगेच फोन केला तर अंडी काढायची वेळ पुढे सरकवता येते. दुसरी गोष्ट फ्रिजची. यातली बरीच इंजेक्शनं 2 ते 8 अंशांत ठेवायची असतात. मे महिन्यात इंदूरचा पारा बऱ्याचदा 40 च्या वर जातो, तेव्हा मेडिकलच्या दुकानातून घरापर्यंतचा रस्ताही बर्फाच्या पिशवीतूनच व्हायला हवा. फ्रीजरमध्ये मात्र ठेवू नये. गोठलं की औषध वाया गेलं.

पुरुषाच्या बाजूकडे घरचे सगळ्यात शेवटी वळतात, आणि यात त्यांची चूक निःसंशय आहे. वीर्याची तपासणी सगळ्यात सोपी, स्वस्त, न दुखणारी. तरी सुनेच्या नळ्यांचा एक्स-रे आधी होतो, दुर्बिणीची तपासणी आधी होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या पुस्तिकेप्रमाणे खालच्या मर्यादा अशा: वीर्य 1.4 मिली, एका मिलीत 1 कोटी 60 लाख शुक्राणू, एकूण 3 कोटी 90 लाख, त्यातले 42 टक्के हलणारे, 4 टक्के योग्य आकाराचे. वर्षभरात बाप झालेल्या पुरुषांतले सगळ्यात खालचे 5 टक्के जिथे संपतात, तिथे ही रेघ मारलेली आहे. म्हणून आकडा थोडा खाली गेला की मूल होणारच नाही असा अर्थ होत नाही, आणि वर असला की खात्री पटली असंही नाही. नमुना द्यायच्या आधी 2 ते 7 दिवस वीर्यपतन टाळायचं. पहिल्या थेंबांत शुक्राणू सगळ्यात जास्त असतात. ते सांडले तर संकोच न करता लॅबला सांगायचं. साधा निरोध किंवा जेल वापरू नये, त्याने शुक्राणू मरतात.

शुक्राणू तयार व्हायला सुमारे 74 दिवस लागतात आणि बाहेर यायच्या आधी ते आणखी काही दिवस परिपक्व होत असतात. ऑगस्टमध्ये डेंग्यूचा ताप आला तर ऑक्टोबरचा रिपोर्ट बिघडलेला दिसू शकतो. एका रिपोर्टवर निकाल लावायचा नसतो तो यासाठी. अंडकोषाला शरीरापेक्षा दोन-चार अंश थंडावा लागतो. म्हणून तासन्‌तास शेव-नमकीनच्या भट्टीपुढे उभं राहणाऱ्याला डॉक्टरांनी कामाबद्दल विचारायला हवं. आणि व्यायामशाळेत अंग कमावण्यासाठी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेणाऱ्या तरुणांना तर हे ओरडून सांगावंसं वाटतं: बाहेरून ते संप्रेरक आलं की मेंदू अंडकोषाला पाठवायचा संदेशच बंद करतो, शुक्राणू शून्यावर जाऊ शकतात, आणि इंजेक्शन बंद केल्यावर ते परत यायला कित्येक महिने लागतात.

अंडं आणि शुक्राणू भेटले म्हणजे काम झालं असं नाही. ताजा शुक्राणू अंडं फळवू शकत नाही. स्त्रीच्या शरीरात, किंवा लॅबच्या द्रवात, काही तास घालवल्यावर त्याच्या आवरणात बदल होतात तेव्हा कुठे तो तयार होतो. मग तो अंड्याभोवतीचं जाड पारदर्शक कवच भेदतो आणि अंड्याच्या पृष्ठभागाला चिकटतो. त्याच्या डोक्यावरचं इझुमो आणि अंड्यावरचं जुनो ही प्रथिनं एकमेकांत बसली तरच पुढचं घडतं; पहिलं 2005 मध्ये सापडलं, दुसरं 2014 मध्ये. शुक्राणू आपल्याबरोबर एक प्रथिन आत आणतो, त्याने अंड्यात कॅल्शियमच्या लाटा उठतात. या लाटांनी अंडं जागं होतं, कवच कडक करून बाकीच्या शुक्राणूंना अडवतं आणि गुणसूत्रांची उरलेली वाटणी पुरी करतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, 16 ते 18 तासांनी, लॅबमध्ये बारीक काचनळीने अंड्याभोवतीच्या पेशी सोलून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. सगळं नीट असेल तर अंड्याच्या मधोमध दोन गोल वर्तुळं एकमेकांना खेटून दिसतात, एक आईकडचं, एक बापाकडचं, आणि आत बारीक ठिपके. अंडं फळल्याची ही खात्रीची खूण. तीन वर्तुळं दिसली तर दोन शुक्राणू शिरले किंवा अंड्याने टाकायची गुणसूत्रं टाकली नाहीत. असा गर्भ वाढतोही, पण वापरायचा नसतो. एकही नसेल तर बहुधा फळलंच नाही. ही वर्तुळं काही तासांनी विरून जातात. तपासायला उशीर झाला तर चांगलं काय नि वाईट काय, नंतर कळायला मार्ग राहत नाही. म्हणून मी म्हणतो त्या कागदावर तपासणीची वेळही हवी.

शुक्राणू फारच कमी असतील तर इक्सी करतात, म्हणजे एकच शुक्राणू सुईने थेट अंड्यात सोडतात: 1992 मध्ये ब्रसेल्सहून जगापुढे आलेली पद्धत. शुक्राणूची शेपूट सुईने दाबून त्याला निश्चल करतात, अंडं असं धरतात की बाहेर टाकलेली छोटी पेशी घड्याळातल्या 12 किंवा 6 च्या जागी येईल, आणि सुई 3 च्या बाजूने शिरते. असं केल्याने गुणसूत्रांच्या जुडग्याला सुई लागण्याची शक्यता कमी होते. तरीही शंभरातली पाच-दहा अंडी यात खराब होतात. ज्यांचे शुक्राणू ठीक आहेत त्यांनाही आज सर्रास इक्सी सुचवली जाते. व्हिएतनाममध्ये 1064 जोडप्यांवर झालेली आणि 2021 मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी सांगते की अशा जोडप्यांत साध्या आयव्हीएफपेक्षा, म्हणजे अंडी आणि शुक्राणू लॅबमध्ये नुसते एकत्र ठेवण्यापेक्षा, इक्सीने मूल होण्याचं प्रमाण म्हणावं तसं वाढत नाही. जास्तीचे पैसे मोजण्याआधी “आमच्यात इक्सी कशासाठी?” हे विचारायचा हक्क जोडप्याला आहे.

पुढचे दोन दिवस गर्भ वाढत नाही, फक्त विभागतो. एकाच्या दोन पेशी, दोनाच्या चार, तिसऱ्या दिवशी सकाळी साधारण आठ. आकार तेवढाच, प्रत्येक पेशी मात्र लहान होत जाते. हे सगळं आईने अंड्यात भरून ठेवलेल्या शिदोरीवर चालतं. गर्भाची स्वतःची जनुकं ठळकपणे कामाला लागतात ती चार ते आठ पेशींच्या टप्प्यावर. माणसात हे असं घडतं याचा पुरावा 1988 पासून उपलब्ध आहे. बापाकडच्या जनुकांचा प्रभाव तेव्हापासून दिसू लागतो, आणि गुणसूत्रांची चूक असलेले बरेच गर्भ याच वळणावर थांबतात. “तिसऱ्या दिवशी आठ पेशींचे छान गर्भ होते, पाचव्या दिवशी काहीच नाही” या वाक्याने जोडप्याला वाटतं लॅबने घोळ घातला. बहुतेक वेळा तसं नसतं.

बहुतेक वेळा. कारण लॅबचाही घोळ असू शकतो. इन्क्युबेटर 37 अंशांवर हवा, कार्बन डायऑक्साइड असा की द्रवाचा पीएच 7.2 ते 7.4 मध्ये राहील, ऑक्सिजन शक्यतो 5 टक्के. हवेत तो जवळपास 21 टक्के असतो आणि गर्भाला इतका सोसत नाही. शेजारच्या खोलीत ऑइल पेंट मारला, हवेची गाळणी जुनी झाली, वीज गेल्यावर जनरेटर उशिरा लागला, की त्याचा परिणाम त्या आठवड्यातल्या सगळ्याच जोडप्यांच्या गर्भांवर दिसतो. तज्ज्ञांनी व्हिएन्नात ठरवलेल्या लॅबच्या कामाच्या मोजपट्ट्या 2017 मध्ये प्रसिद्ध झाल्या. साध्या आयव्हीएफमध्ये किमान 60 टक्के अंडी नीट फळावीत, इक्सीत 65 टक्के. नीट फळलेल्यांपैकी किमान 40 टक्के पाचव्या दिवसाचा टप्पा गाठावेत, चांगल्या लॅबमध्ये 60. एका जोडप्याच्या आकड्यांवरून लॅब जोखता येत नाही, चार-पाच अंड्यांत नशिबाचा वाटा फार असतो. पण लॅबने आपले वर्षभराचे आकडे त्याच कागदावर छापले तर तुलना करता येते.

चौथ्या दिवशी पेशी एकमेकींना घट्ट चिकटून गोळा होतो. पाचव्या दिवशी आत पोकळी तयार होते, एका बाजूला बाळ होणाऱ्या पेशींचा पुंजका आणि बाहेरून वार होणाऱ्या पेशींचा थर. ब्लास्टोसिस्ट म्हणतात तो हा. रिपोर्टवर 4एए, 3बीबी असं लिहिलेलं असतं त्यातला आकडा गर्भ किती फुगला ते सांगतो, पहिलं अक्षर आतल्या पुंजक्याचा दर्जा, दुसरं बाहेरच्या थराचा. हा दर्जा डोळ्यांनी बघून दिलेला असतो. 4एए गर्भाची गुणसूत्रं चुकीची असू शकतात आणि 3बीबी गर्भाचं धडधाकट मूल होऊ शकतं. सहाव्या-सातव्या दिवसाच्या सुमारास गर्भ कवचातून बाहेर येऊन गर्भाशयाच्या अस्तरात रुजायला लागतो.

आता हे सगळं एका जोडप्यावर मांडून बघा. समजा 12 अंडी निघाली. त्यातली 10 पक्व. त्यांपैकी 7 नीट फळली. तिसऱ्या दिवशी सातही वाढताहेत, पाचव्या दिवशी 3 ब्लास्टोसिस्ट. बाईचं वय 32 असेल तर त्यातले 2 गुणसूत्रांनी ठीक असावेत. 41 असेल तर 1, किंवा एकही नाही. 12 चे 3 होणं हे अपयश नाही, ठीक चाललेल्या उपचाराचे हे आकडे आहेत. अंडी काढल्याच्या संध्याकाळी “बारा मिळाली!” म्हणून घरात आनंद होतो तेव्हाच ही गळती कुणी समजावून सांगितली असती, तर पाचव्या दिवशीचा फोन असा कोसळला नसता.

आणि हे फक्त लॅबमध्ये घडतं असंही नाही. 1988 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मूल हवं असलेल्या 221 बायकांची लघवी रोज तपासली गेली. संप्रेरकावरून 198 गर्भधारणा सापडल्या, त्यातल्या 22 टक्के नेहमीच्या पद्धतीने दिवस राहिल्याचं कळण्याआधीच संपल्या, आणि एकूण 31 टक्के टिकल्या नाहीत. रुजण्याआधीच थांबलेले गर्भ यात मोजलेलेच नाहीत. ज्या सुनेला “लगेच राहिलं” म्हणून नावाजतात, तिच्याही शरीरात कदाचित आधी एखादा गर्भ असाच येऊन गेला असेल.

गर्भ आत सोडल्यावर पाय वर करून पडून राहण्याचा काही उपयोग नाही. तशा तपासण्या झाल्या आहेत आणि फायदा दिसलेला नाही. गर्भाशयाच्या भिंती एकमेकींना टेकलेल्या असतात, गर्भ मध्ये ओलाव्यात धरलेला असतो, चालण्याने तो पडत नाही. जिन्याचा यात काहीही दोष नाही. हे वाक्य छापील स्वरूपात घरी जावं असं मला मनापासून वाटतं, कारण तोंडी सांगितलेलं सुनेने घरी सांगितलं तर ते बहाणा ठरतं.

कागद देण्याविरुद्ध केंद्रांचे आक्षेप आहेत आणि ते पोकळ नाहीत. आकडे बघून लोक घाबरतात, शेजारणीच्या आकड्यांशी ताडून बघतात, इंटरनेटवर शोधून दुसऱ्या दिवशी भांडायला येतात. नुसते आकडे दिले तर हे होईलच. वयाच्या जोडीने, त्या वयात साधारण काय अपेक्षित असतं त्याच्या शेजारी मांडून दिले तर पुष्कळ कमी होईल. लपवल्याने मात्र शंका वाढते आणि लोक पुन्हा नव्याने सगळ्या तपासण्या करत दुसरीकडे जातात. दुसऱ्या डॉक्टरला मागचा कागद मिळाला तर त्याचं निम्मं काम होतं. अंडी पक्व नव्हती तर ट्रिगर बदलायचा, पक्व असून फळली नाहीत तर इक्सीचा विचार करायचा, फळून तिसऱ्या दिवसानंतर सगळी थांबली तर वय, शुक्राणू आणि लॅब तिन्ही बघायचं, ब्लास्टोसिस्ट होऊनही रुजला नाही तर अस्तर आणि गुणसूत्रं. उपाय प्रत्येक ठिकाणी वेगळा आहे. “राहिलं नाही” या दोन शब्दांतून यातलं काहीच कळत नाही. गर्भाच्या गुणसूत्रांची महागडी तपासणी घ्यायची का, हेसुद्धा हा कागद बघूनच ठरवावं. ती तपासणी बाहेरच्या थरातल्या पाच-दहा पेशींवर होते आणि गर्भ निवडायला मदत करते. बिघडलेला गर्भ तिने सुधरत नाही, आणि एकच गर्भ असेल तर निवडायला काही उरतच नाही.

कायद्याने वाट अर्धी मोकळी केलेली आहे. 2021 चा सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायदा जानेवारी 2022 पासून लागू आहे. यशाची शक्यता, खर्च, दुष्परिणाम आणि जुळं-तिळं होण्याचा धोका जोडप्याला समजावणं त्याने केंद्रावर बंधनकारक केलं आहे. तक्रार कक्ष ठेवायचा आहे. उपचाराचा तपशील असलेलं डिस्चार्ज सर्टिफिकेट द्यायचं आहे. तपशील म्हणजे नेमका किती, यावर सगळं अडतं. मध्य प्रदेशच्या अधिकाऱ्यांनी एक पानी नमुना ठरवून दिला तर वेगळ्या कायद्याची गरज नाही.

लेखी नोंदीचं मोल या क्षेत्राइतकं दुसऱ्या कुणाला कळायला हवं? 3 ऑक्टोबर 1978 ला कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून, इंग्लंडमधल्या पहिल्या बाळानंतर सत्तर दिवसांत, टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. सरकारी समितीने त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही, 1981 मध्ये त्यांनी आत्महत्या केली. भारतातलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ म्हणून गाजलेल्या 1986 च्या मुंबईतल्या बाळामागे ज्यांचं काम होतं त्या डॉ. टी. सी. आनंद कुमार यांनी पुढे मुखोपाध्यायांची कागदपत्रं वाचली आणि 1997 मध्ये उघडपणे लिहिलं की पहिला मान मुखोपाध्यायांचा. कागद होते म्हणून ते शक्य झालं.

इंदूरमध्ये भाषेचाही प्रश्न आहे. रिपोर्ट इंग्रजीत, नर्स बोलते हिंदीत, आणि घरी सासूबाईंना सांगायचं मराठीत. तीन ठिकाणी अर्थ गळतो. एक पान हिंदीत आणि हवं त्याला मराठीत छापणं काही अवघड नाही. मराठीत ते कसं असावं हे ठरवायला शहरातल्या स्त्रीरोगतज्ज्ञांबरोबर महाराष्ट्र साहित्य सभा आणि सानंदसारख्या संस्था बसू शकतात. नाटकाला सभागृह भरवणाऱ्या शहरात या विषयावरच्या व्याख्यानालाही माणसं येतील, आणि सासूबाईही येतील.

पानावर काय हवं ते थोडक्यात. ट्रिगरची आणि अंडी काढल्याची वेळ. निघालेली आणि पक्व अंडी. वीर्याचा त्या दिवशीचा रिपोर्ट. आयव्हीएफ की इक्सी, आणि इक्सी असेल तर कारण. फळल्याची तपासणी किती वाजता झाली, किती नीट फळली. तिसऱ्या आणि पाचव्या दिवशीची संख्या आणि दर्जा. किती आत सोडले. आणि किती गोठवले, कोणत्या तारखेपर्यंतचे पैसे भरलेले आहेत, दरवर्षी किती भरायचे, आणि कायद्यानुसार जास्तीत जास्त 10 वर्षं ठेवता येणारे हे गर्भ मुदत संपल्यावर नष्ट करायचे की संशोधनाला द्यायचे, याबद्दल नवरा-बायको दोघांनी काय लिहून दिलं आहे, त्याची प्रत.